सातव्या क्रमांकाची वाट

१४ मार्च २०१६

फाटक! पाणचक्कीच्या वाटेवर फाटक. लोखंडी, हिरवं, आणि त्याला माझ्या मुठीएवढं कुलूप. वर पाटी — 'खासगी'. काल सकाळी नव्हतं, आज आहे. बावीस वर्षं मी लोकांना याच वाटेने पुलावर नेते. माझा नवरा अर्नी गेल्यापासून तर रोज सकाळी एकटी जाते, पुलाच्या कठड्यावर पाच मिनिटं बसते आणि परत येते. लग्नाआधी आम्ही तिथेच भेटायचो. आज फाटकाला हात लावून परत आले. चहा केला आणि प्यायचा विसरले.

हे क्रिस्पिन वेन यांचं काम. ऑक्टोबरात लंडनहून आले, चक्की विकत घेतली. नदीकाठी त्यांना शांतता हवी म्हणे. घ्या की शांतता! आम्ही काय ढोल वाजवत जातो?

१५ मार्च

फाटकावर चढून पलीकडे गेले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. स्कर्ट टराटरा फाटला. पुलावर बसले. बरं वाटलं.

१९ मार्च

रॉडनी पिम येऊन गेले. आमच्या गावच्या कौन्सिलचे चिटणीस. काही अवघड बोलायचं असलं की हा माणूस पायपुसण्यावर पाय पुसत राहतो. आज इतका वेळ पुसले की मीच म्हटलं, या आता आत, बूट झिजतील.

म्हणणं असं की ईस्टरचं पत्रक छापायला जायचंय, तर सातवा क्रमांक गाळावा. 'ऑल्डरकोममध्ये काय पाहाल, काय कराल' — हे पत्रक माझं. चौऱ्याण्णव साली मी लिहिलं, दर ईस्टरला नवं छापतो. एक नंबर चर्च. दोन, चोरांना पाय अडकवून बसवायचा लाकडी खोडा. हल्ली पाहुणे त्यात पाय घालून फोटो काढतात. तीन, जुना कोंडवाडा, आता त्यात बाकडी आहेत. असं करत करत बारा नंबरला मेव्हिसचा चहा. पण लोक येतात ते सातव्यासाठी. चारशे वर्षांचा दगडी पूल, ओझ्याचा एकच घोडा जाईल एवढा अरुंद, आणि ओझं अडकू नये म्हणून कठडे गुडघ्याएवढे. बाकीचं सगळं आलोच आहोत तर म्हणून बघतात.

'पूल लांबून पाहता येतो' असं लिहू या, रॉडनी म्हणाले. लांबून म्हणजे कुठून, ढगातून? दुसरा रस्ता हमरस्त्याने, दोन मैल, अंगाला घासून ट्रक जातात. मी सांगितलं, सात तिथेच राहील. त्यांनी पुन्हा पाय पुसले — जाताना!

२७ मार्च, ईस्टर

अकरा पाहुणे. फाटकाशी थांबून सगळी हकिगत सांगितली आणि म्हटलं, ज्यांना चढायचं नाही त्यांनी कोंडवाड्यात बसावं. डर्बीहून आलेल्या एक निवृत्त नर्सबाई सगळ्यांत आधी चढल्या. मागून बाकीचे.

वेन घरातून सपाता घालून बाहेर आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मिसेस गार्थ, मला तुमच्याशी अजिबात वाईट वागायचं नाहीये." मी म्हटलं, "मग वागू नका." आणि पुढे चालू लागले.

३ एप्रिल

रॉडनी कायदा वाचून आले. आज पाय पुसलेच नाहीत, सरळ आत!

एखाद्या वाटेने लोक वीस वर्षं उघडपणे, न मोडता-तोडता आणि कुणालाही न विचारता गेले, तर ती वाट सगळ्यांची होते. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या नकाशावर चढते. मग कुणाच्या बापाला बंद करता येत नाही. अट एकच, विचारलेलं नसावं. मालकाने परवानगी दिली असेल तर तो त्याचा चांगुलपणा, आपला हक्क नाही. आणि चांगुलपणा तो केव्हाही परत घेऊ शकतो.

बिचारे फार अस्वस्थ होते. "म्हणजे अदबीने विचारलं त्याचं नुकसान, आणि बेधडक घुसला त्याचा हक्क?" या गावात लोक खुर्चीला धक्का लागला तरी खुर्चीची माफी मागतात. अशा गावाला असा कायदा! मी खूप हसले. मग उठून कप विसळले. अर्ज करायचं ठरलं.

१८ एप्रिल

साक्षीचे एकतीस फॉर्म भरून झाले. मेव्हिस सही करेना. वेननी उन्हाळ्याच्या जत्रेला मोठा तंबू द्यायचं कबूल केलंय. "अगं हेस्टर, कशाला उगाच वाकड्यात शिरायचं? चांगला माणूस आहे तो." चाळीस वर्षांची मैत्रीण, आणि तंबूसाठी पाघळली. मी तिला म्हटलं, चांगला आहे म्हणूनच सही कर, वाईट असता तर गाव आपण होऊन उठलं असतं. तिने माझ्याकडे रागाने पाहिलं. संध्याकाळी फॉर्म दारातून आत टाकला होता. सही होती, चिठ्ठी नव्हती.

९ मे

वेन आले. हातात मधाची बाटली, आणि निळ्या फितीत बांधलेली किल्ली.

म्हणाले, तुमच्या यजमानांबद्दल मला आत्ता कळलं, फार वाईट वाटलं. ही किल्ली तुमची. रोज सकाळी या, हवं तितकं बसा, आयुष्यभर. आणि ते मनापासून म्हणत होते, हे लिहिलंच पाहिजे. डोळ्यांत कपट नव्हतं.

घ्यावीशी वाटली. देवाशपथ वाटली. स्कर्ट फाडत चढायचे माझे किती दिवस राहिलेत? गुडघा रात्रंदिवस ठणकतो. किल्ली घेतली असती तर उद्या सकाळी ताठ मानेने पुलावर बसले असते — आणि फाटकाबाहेर अख्खं गाव. मी मध ठेवून घेतला, किल्ली परत दिली. "मला एकटीला नकोय," एवढंच म्हटलं. दार लावल्यावर रडले. सरळ लिहिते, रडले.

२१ जून

रोज चढते. वेननी माझ्या बुटांनी खरवडलेल्या खालच्या दांडीला नवा रंग दिला. ओला! माझे दोन्ही हात हिरवे. कुणी विचारलं की मी हात वर करून दाखवते.

२ नोव्हेंबर

वेनच्या वकिलाचं पत्र. सोबत माझी पत्रकं, तेवीसच्या तेवीस. सातव्या क्रमांकाखाली बारीक अक्षरांत दर वर्षी एक ओळ आहे — 'पाणचक्कीच्या मालकांच्या कृपापूर्वक परवानगीने'. मीच लिहिलेली. मी!

म्हणजे परवानगी होती, आणि परवानगी होती तर हक्क नाही. आमच्याच तोंडचा पुरावा. रॉडनींचा चेहरा पांढराफटक. मेव्हिस म्हणाली, "एवढं गोड लिहायला तुला कुणी सांगितलं होतं?" या देशात असंच लिहितात. चर्चच्या फुलांच्या यादीवरसुद्धा माळ्याच्या कृपेने म्हणून लिहितो आम्ही.

त्या ओळीबद्दल आज जास्त लिहायचं नाही.

६ नोव्हेंबर

रॉडनींना बुडत्याची काडी सापडली. नुसत्या छापलेल्या ओळीने काही होत नाही म्हणे. जुन्या मालकाने, म्हणजे मिस्टर टोलर यांनी, खरोखर परवानगी दिली होती का, एवढाच प्रश्न. दिली नसेल तर ती ओळ म्हणजे नुसता शिष्टाचार. टोलर वारले बारा साली, मुलगा कॅनडात, त्याला काही ठाऊक नाही. तेव्हा सांगू शकणारं माणूस एकच उरलं.

"हेस्टर, तुम्ही त्यांना कधी विचारलं नव्हतं ना?" रॉडनी म्हणाले. मी म्हटलं, चहा गार होतोय.

२२ फेब्रुवारी २०१७

उद्या काउंटीच्या बाई येणार, गावच्या हॉलमध्ये. प्रत्येकाचं म्हणणं लिहून घेणार आणि खाली सही, की हे खरं आहे. आज फाटकावरून उतरताना घसरले, घोटा सुजलाय. बर्फ लावून बसलेय. चढणार मी! उद्यासुद्धा, सुनावणीच्या आधी.

२३ फेब्रुवारी

हॉल खच्चून भरला होता. काउंटीच्या बाई तरुण, शांत, प्रत्येक शब्द लिहून घेणाऱ्या. वेन पहिल्या रांगेत. मी काठी टेकत गेले तर त्यांनीच उठून मला खुर्ची दिली. असा माणूस समोर असला की लढणं फार जड जातं.

ओळीचं विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे तशी पद्धत आहे, कुणाच्या कुंपणापाशी उभं राहायचं असलं तरी आम्ही आभार मानतो. दोघं-चौघं हसले. बाई हसल्या नाहीत. "मिसेस गार्थ, मिस्टर टोलर यांनी तुम्हाला किंवा गावाला त्या वाटेने जायला कधी परवानगी दिली होती का?"

"नाही."

"तुम्ही कधी मागितली होती?"

"नाही. कशाला मागू? वाट होती, आम्ही जात होतो."

मागून मेव्हिसने टाळी वाजवली, मग घाईघाईने हात मांडीखाली दडवले. मी सही केली. नाव नीट, पूर्ण, अक्षर कुठे हललं नाही.

१२ जून

जिंकलो! वाट सार्वजनिक. पत्रात लिहिलंय की मिसेस गार्थ यांची साक्ष स्पष्ट आणि विश्वासार्ह वाटली, आणि निर्णय मुख्यतः त्या साक्षीवर आधारलेला आहे. वेननी दुपारी स्वतः फाटक उतरवलं. मला पाहून टोपी काढली. अपील करणार नाहीत म्हणाले, "तुम्ही तसं सांगितलंत म्हटल्यावर प्रश्नच मिटला." हॉलमध्ये मेव्हिसने सगळ्यांना फुकट चहा पाजला. रॉडनी रडले. मला दोनदा उचलायला निघाले होते, माझ्या गुडघ्यामुळे सोडलं.

१३ जून

विचारलं होतं. एप्रिल चौऱ्याण्णव, त्यांच्या बागेत. टोलर गुलाब छाटत होते. म्हणाले, "खुशाल न्या मिसेस गार्थ, ज्याला न्यायचं त्याला न्या, माझी ना नाही." मी आभार मानले आणि घरी येऊन ती ओळ लिहिली. ओळ खरी होती. अर्नीलासुद्धा सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं तेव्हा.

पुन्हा विचारलं तरी नाहीच म्हणेन.

अकरा वाजता पाहुणे यायचेत, चौदा जण.