डावीकडचं बटण

६ सप्टेंबर
गेलो कामावर. लेक म्हणत होती, "बाबा, हा हंगाम राहू द्या ना." घरी बसून काय करू? ही गेल्यापासून घरात भिंतींशिवाय बघण्यासारखं काही नाही.
कॉमेंट्री बॉक्समध्ये सगळं नवं. खुर्ची नवी, टेबल नवं, त्यावरचं मशीनही नवं. साउंडवाल्याने मन लावून समजावलं — हे बटण असं, ते तसं. मी मान डोलावत होतो. डोक्यात एक अक्षर शिरलं नाही. शिरायची गरजही नाही, इतक्या वर्षांत हाताला सगळं पाठ आहे. उजवं बटण दाबलं की बाहेर प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये बसलेल्या लोकांशी बोलता येतं. डावं दाबलं की आवाज कुठेच जात नाही, ते खोकण्या-शिंकण्यासाठी. प्रेक्षकांना दोन्ही वेळा काही ऐकू जात नाही.
यंदा जोडीदारही काढून टाकलाय. खर्च परवडत नाही म्हणे. बॉक्समध्ये मी एकटाच.
सामना झाला. कोण जिंकलं ते आत्ता आठवेना. आणि लोकांना ते सांगितलं मीच!

१४ सप्टेंबर
मध्यंतरात फोन पाहिला. सवय, दुसरं काय.
फुटबॉलमधलं हिला ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय, हे लग्नापासून विचारत होती. टीव्ही लावून पाठमोरी बसायची आणि नुसता माझा आवाज ऐकायची. मध्यंतराला मेसेज हमखास — "पाणी प्या. घाई होतेय." मोबाइल नव्हते तेव्हा हेच घरी गेल्यावर ऐकावं लागायचं. आणि बोलण्यात घाई खरंच झालेली असायची.
आज फोनवर बँकेची जाहिरात होती.
लोकांना वाटतं, हा माणूस लाखो लोकांशी बोलतो. मी जन्मभर एकीलाच सांगत आलो. आता कुणाला सांगायचं, ते कळत नाही.

२१ सप्टेंबर
चॅनलच्या साहेबांनी बोलावून घेतलं. "आवाज तोच आहे हो, पण..." शेवटी म्हणाले, "हंगाम संपला की बघू."
बघा. राग यायला हवा होता. आला नाही.

२८ सप्टेंबर
आज वेडेपणा केला. जाहिराती लागल्या तसं डावं बटण दाबलं आणि हिच्याशी बोललो. म्हणालो, "गोलकीपर उभ्या उभ्या झोपलाय बघ." मग म्हणालो, "पाणी प्या, घाई होतेय, असं सांगायला कुणी नाही गं आता."
कुणाला ऐकू जाणार आहे? नंतरचा अर्धा खेळ बरा गेला. आवाजात थोडी धुगधुगी होती.

१२ ऑक्टोबर
बटणाचं चालू आहे. आज सांगून टाकलं — "इथे चहात साखर घालून देतात. मी पितो. ओरडू नकोस."

२० ऑक्टोबर
गॅसवाल्याला फोन केला. पत्ता सांगितला तर म्हणतो, "काका, तुमचा आवाज अगदी त्या टीव्हीवाल्यासारखा आहे." म्हटलं, लोक म्हणतात तसं. "पण तो जरा जोरात बोलतो," म्हणाला.

२ नोव्हेंबर
चहा बिनसाखरेचा आला. चुकून आला असेल. प्यायलो.
हेडमास्तरणीचंही काहीतरी बिनसलंय. व्हॅनमध्ये बसून सामना चालवणारी आमची दिग्दर्शिका ती. वयाने लेकीएवढी, पण तोंडाचा पट्टा सुरू झाला की मोठमोठे कॅमेरावाले चळाचळा कापतात. माझ्याही कानात तिचा आवाज सतत असतो. हल्ली जाहिराती लागल्या की एकदम चिडीचूप होते. म्हातारा झालो म्हणून सांभाळून घेतायत बहुतेक.

३० नोव्हेंबर
लेक आली होती. दोघांनी मिळून हिचं कपाट आवरलं. ती रडत होती, मी घड्या घालत होतो. म्हणाली, "बाबा, एकदा रडून घ्या हो."
रडायला काय, बटण आहे का?

११ जानेवारी
काही नाही. सामना होता.

८ मार्च
ठरलं. पुढच्या आठवड्यात हंगामाचा शेवटचा सामना. साहेबांनी काही बघायच्या आत आपणच उठावं. लेकीला अजून बोललो नाही. हिला सांगितलं, डावं बटण दाबून — "एवढा एक सामना करतो, मग बास. तुझ्याशिवाय जमत नाही मला." पहिल्यांदाच बोललो हे, इतकं सरळ.
व्हॅनमध्ये कुणाला तरी सर्दी झालीय. नाक ओढल्याचं माझ्या कानात आलं.

१५ मार्च
आता सर्दी मलाच. मध्यंतराला थोडा वेळ असताना खोकल्याची अशी उबळ आली की डावं बटण दाबून जीव जाईस्तोवर खोकलो.
कानात हेडमास्तरीण ओरडली, "सर, उजवं! नव्या मशीनवर डावं आमचं आहे!"
आणि गप्प झाली. तिच्यामागे सगळी व्हॅन गप्प. मी बटणाकडे पाहिलं. साखर आठवली. झोपलेला गोलकीपर आठवला. सप्टेंबरपासूनचं सगळंच आठवत गेलं. कुणी एका शब्दाने बोललं नव्हतं.
मग तिचा आवाज आला, अगदी हळू. "पाणी प्या, सर. घाई होतेय."
समोरचं मैदान दिसेनासं झालं. बोट डाव्या बटणावरच होतं, तसाच रडलो. शिट्टी कधी झाली, जाहिराती कधी लागल्या, कळलं नाही.
पाणी प्यायलो. मग डावं बटण दाबलं, जाणूनबुजून, आणि म्हणालो, "प्यायलो."