शोकेसची साफसफाई

प्रिय चिमे,

तुझं घर सांभाळायला आले खरी, पण अजून मला इथे चमचा सापडत नाही. कुठलाही ड्रॉवर उघडावा तर प्लॅस्टिकची द्राक्षं निघतात. फ्रिजच्या मुठीला फ्रिलचा झगा, टीव्हीला झालर, टिश्यूच्या डब्याला लोकरीची टोपी. दूधवाल्याने बेल दाबली की पाखरू ओरडतं आणि मी दाराऐवजी खिडकीकडे धावते. आपण दोघी एकाच कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, एकाच मदरने आपल्याला फुलदाणीत एकच फूल ठेवायला शिकवलं. तुझ्या टेबलावर ताटवा आहे, आणि त्यातला गुलाब लुकलुकतो.

शोकेसबद्दल बोलायलाच नको. म्हणजे मी बोलणारच. धूळ पुसायला उघडली, तर निळा डॉल्फिन, बर्फ पडणारा काचेचा गोळा, गळ्यात गळे घातलेली अस्वलं आणि तो हंस. घर बदलताना त्याचा जोडीदार फुटला, तेव्हा तू दोन वेळा जेवली नव्हतीस. प्लॅस्टरच्या पक्ष्यासाठी. हा अजून अर्ध्या बदामासारखी मान वाकवून डॉल्फिनकडे बघत असतो, आणि डॉल्फिनला त्याचं काही नाही. शेजारीणही आली की आधी शोकेससमोर उभी राहते, मग माझ्याकडे वळते. परवा म्हणाली, किती आवड आहे हो त्यांना. मी म्हटलं, आवड आहे, निवड नाही. ती हसली नाही.

उद्या तुझं ऑपरेशन. डॉक्टर चांगलं सांगतात, तर तू त्यांच्याकडे फेरीवाल्याकडे बघावं तशी बघतेस. मी समजवायला बसले की झोपेचं सोंग घेतेस. म्हणून हे लिहून नर्सच्या हाती देणार आहे. पत्रासमोर घोरून उपयोग नाही.

आज सकाळी भंगारवाला आला. म्हणाला, बाईंनी आधीच सांगून ठेवलंय, शोकेस रिकामी करून न्या, ताईंना नंतर त्रास नको. नंतर म्हणजे कशानंतर, चिमे? इतकी वर्षं मी ही शोकेस काढ म्हणून तुझ्या मागे लागले, तेव्हा ऐकलं नाहीस. आणि आता, नको तेव्हा, माझं ऐकायला निघालीस. त्याला मी दारातूनच वाटेला लावलं. तर त्याच्या हातगाडीवर, मोडक्या पंख्याशेजारी, प्लॅस्टरचा हंस. मान बरोबर उलट्या बाजूला वळलेली. चोच थोडी उडालीय, डोळ्याला कुणीतरी निळा रंग फासलाय. इतकी कुरूप वस्तू मी जन्मात विकत घेतली नव्हती. घासाघीससुद्धा केली नाही. त्यालाच राहवलं नाही, म्हणाला, ताई, घरात ठेवणार का खरंच? वर्तमानपत्रात गुंडाळून ओट्यावर ठेवलाय. शोकेसमध्ये मी तो ठेवणार नाही, माझा हात त्या कामाला लागायचा नाही. ते तुलाच घरी येऊन करावं लागेल.

तुझीच,
ताई