वॉर्म-अप बघणारा माणूस

बाबा, तुम्ही फुटबॉल बघायला लागलात ते माझ्यामुळे, आणि ऑफसाइड म्हणजे काय हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आपण जर्मनीत, नेकारसुल्मला आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते. शाळेत कुणी माझ्याशी बोलेना. मूल फेराइनमध्ये, म्हणजे खेळाच्या क्लबात, घातलं की भाषा आपोआप येते, असं कारखान्यात तुम्हाला कुणीतरी सांगितलं, आणि तुम्ही मला जवळच्या गावातल्या छोट्या क्लबात नेऊन सोडलंत. भाषा आली, आणि तिच्या मागून हे खूळही आलं. द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी मैदान, कडेला पत्र्याची शेड. घरच्या मॅचला पालकांनी पाळीपाळीने केक करून आणायचा, असा तिथला रिवाज होता. आपली पाळी आली तेव्हा आईचा केक ओव्हनमध्येच बसला, म्हणून तुम्ही खुशाल साबुदाण्याचे वडे घेऊन गेलात. आई कपाळाला हात लावून घरीच राहिली. वडे सगळ्यांत आधी संपले आणि पुढे लोक मला गोलाऐवजी वड्यांबद्दल विचारायला लागले. मी तिथे प्रत्येक मॅच पूर्ण खेळायचे. तुम्ही रेषेबाहेरून मराठीत ओरडायचात, "अगं, डावीकडे बघ, डावीकडे!" डावीकडे सहसा कुणी नसायचं.

मग वर्ल्डकप जर्मनीत झाला तो उन्हाळा आला. गाड्यांवर झेंडे फडफडत होते, आणि तासाभरावरच्या मोठ्या क्लबाच्या ट्रेनर बाई आपल्या सोफ्यावर येऊन बसल्या. मी पंधरा वर्षांची होते. बाई आडपडदा न ठेवता बोलल्या. "आल्झो, तर पहिलं वर्ष ही बहुतेक बाकावरच बसेल. पण आमच्याकडे तिला शिकायला मिळेल. इथे रोज खेळेल आणि आहे तिथेच राहील." मला जायचं नव्हतं. न खेळता खेळ कसा येतो, असं मी तावातावाने तुम्हाला विचारलं. तुमचं उत्तर तयार होतं. "हे बघ, सांगलीत मी पहिला होतो. पुण्याला गेलो आणि वर्गात शेवटून दुसरा झालो. खाली मान घालून बसलो, शिकलो, म्हणून आज इथे आहे. चांगल्या कॉलेजात शेवटचा बाक मिळाला तरी घ्यावा. गल्लीतला पहिला नंबर घेऊन काय करायचंय?" म्हणजे तुमच्या लेखी मला अॅडमिशन मिळाली होती. फुटबॉलच्या बाकाला कॉलेजचा बाक समजणं हे फक्त आपल्याच माणसांना जमतं. तुम्ही आईला दूधपावडरचे पेढे करायला लावलेत आणि ते ऑफिसात वाटलेत. किती गोल केले तिने, असं लोकांनी विचारलं, तर तुम्ही आनंदाने सांगितलंत की अजून ती खेळणारच नाहीये. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं आई म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. तुम्हीही हसलात. तुमचं ते हसणं मी नंतर फार वेळा आठवून पाहिलं आहे.

बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. मी बाकावर बसले. आठवडाभर जीव तोडून सराव करायचा आणि रविवारी इस्त्रीच्या कपड्यासारखं घडी घालून बसायचं. मी तुम्हाला सांगितलं, येऊ नका, बघण्यासारखं काही नसतं. तुम्ही आलातच. दुसऱ्या अर्ध्यात राखीव मुलींना गोलाच्या मागे वॉर्म-अपला पाठवतात, हे तुमच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून मध्यंतर झालं की तुम्ही थर्मास उचलून त्या टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसायला लागलात. मला ते अजून दिसतं. सगळं मैदान चेंडूकडे बघतंय, पलीकडे गोल होतोय, लोक उठून ओरडतायत, आणि एक माणूस सगळ्यांकडे पाठ करून, कोपऱ्यात गुडघे वर घेत पळणाऱ्या माझ्याकडे बघतोय. मी वळले की तुम्ही टाळ्या वाजवता. बाकीच्या मुली हसतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं, आणि तरी मी प्रत्येक फेरीला वळून बघते.

हिवाळ्यात तुमच्या जागी आई गाडी चालवायला लागली आणि खुर्चीवर उशी आली. तुम्ही बारीक होत होतात. इथला ब्रेड मानवत नाही, म्हणत होतात. नाताळच्या सुट्टीत तुम्ही मला पोटातल्या दुखण्याचं नाव सांगितलंत. तेही असं, की जणू गाडीचा एखादा भाग बदलायचा आहे. मी त्याच दिवशी ठरवलं. हिवाळ्यात क्लब बदलता येतो. मी गावातल्या क्लबात परत येणार, प्रत्येक रविवारी पूर्ण खेळणार आणि तुम्ही ते बघणार. स्वयंपाकघरात तुम्ही पातळ खिचडी समोर घेऊन बसला होतात. माझं बोलणं ऐकलंत आणि चमचा खाली ठेवलात. तुम्ही माझ्यावर असे कधी चिडला नव्हतात. "मला दाखवायला खेळतेस का तू? तसं असेल तर आजच बूट टाकून दे. माझ्यासाठी म्हणून काही करायचं नाही. कळलं?" मी रडत वर खोलीत गेले. तुम्ही समजूत काढायला आला नाहीत. जिन्यावर तुमचा आवाज येतो का, म्हणून मी बराच वेळ दाराशी उभी होते. तुम्हाला तेव्हा जिना चढवत नव्हता, हे मला माहीत नव्हतं.

मार्चमध्ये तुम्ही गेलात. पुढच्या हंगामात ट्रेनर बाईंनी मला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळवलं, आणि मी चांगली खेळले. बाकावर बसून मी खेळ बघायला शिकले होते. चेंडू येण्याआधीच तो कुठे येणार ते मला कळत होतं. नंतर मी त्या क्लबाच्या महिला संघात कितीतरी वर्षं खेळले, गुडघा नाही म्हणेपर्यंत. तुमचं सगळं बरोबर ठरलं, बाबा. गोलामागच्या त्या टोकाला बघायचं नाही, एवढी एकच गोष्ट मला त्या सगळ्या वर्षांत शिकता आली नाही.

आणि मग गेल्या दिवाळीत आईने पोळ्या लाटता लाटता सांगितलं. वर बघितलंही नाही तिने. "त्या ट्रेनर बाई घरी यायच्या आधीच डॉक्टरांनी तुझ्या बाबांना सांगितलं होतं गं. फार तर एक वर्ष, म्हणून. मी म्हटलं, अहो, पोरीला इथेच खेळू द्या, निदान डोळे भरून बघाल तरी. तर म्हणाले, मला बघायचंय म्हणून तिने इथेच अडकायचं का? आणि मला शपथ घातली." तव्यावरची पोळी करपली. आम्हा दोघींनाही ती उलटायचं सुचलं नाही. म्हणजे सोफ्यावर बसून सांगलीची आणि पुण्याची गोष्ट सांगत होतात, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. पेढे वाटलेत तेव्हाही. मी इतकी वर्षं समजत होते की आपल्याकडे भरपूर वेळ आहे असं वाटल्यामुळे तुम्ही मला थांबायला सांगितलंत. वेळ फक्त माझ्याकडे होता. तुमच्याकडे थोडे रविवार होते, आणि ते तुम्ही मला गुडघे वर घेत पळताना बघण्यात घालवलेत.

हल्ली मी नोकरी सांभाळून गावातल्या मुलींना शिकवते. आज त्यांच्यातल्या एकीच्या आईने मला मैदानावर गाठलं. मुलीला मोठ्या क्लबाने बोलावलंय, पण वर्षभर खेळायला मिळणार नाही; "माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत?" असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, जाऊ द्या तिला, पुढचा विचार करा. "गेनाऊ," ती म्हणाली, तिलाही तेच वाटत होतं. सल्ला बरोबर आहे. मी त्याचा पुरावा आहे.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, आणि आईलाही दाखवणार नाही. सांगून चूक केली असं तिला वाटेल. पण तुम्हाला सांगते. मी तुमचे आभार मानायला बसले होते आणि ते मला जमत नाहीये. मला राग आलाय, बाबा. तुम्ही मला विचारलं असतंत, तर मी ती सगळी वर्षं देऊन टाकली असती आणि गावातला एक रविवार मागून घेतला असता. हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. म्हणून तुम्ही विचारलं नाहीत.