खुराड्यावरचा दगड

सूनबाई,

काल मुंगसानं सारी पिल्लं नेली. खुराड्याच्या झाकणावर दगड काहून ठेवला नाही म्हणून मी तुझ्यावर ओरडलो. तो दगड आज मिरच्यांच्या चादरीवर सापडला. वाऱ्यानं चादर उडू नये म्हणून मीच ठेवला होता. तू मात्र खाली बसून पिसं वेचत राहिली.

कोंबडीच्या पंखाले हळद भरली आहे. जखम भरून येईन, पण ती सारखी पिल्लांले बोलावून राहिली. दवाखान्यातून रिकाम्या हातानं येऊन तुले आठच दिवस झाले. म्हणून तिले टोपलीत घालून खाप्याले, माझ्या बहिणीच्या गावी नेतो. आवाज थांबला का परत आणीन.

भात झाकून ठेवला आहे. संध्याकाळवर घरी कोणी नाही. रडायचं असन तर मोकळी रड.

मामाजी