आईचं नाव गाण्यात

मातादी, ४ मे १९९५

चि. मातोंदो हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं नवं गाणं बाजारातल्या रेडिओवर ऐकलं. आवाज तोच, शाळेत सिस्टर डोळे मिटून ऐकायच्या तो. पण दर कडव्यात कुणा सिमेंटवाल्याचं, कुणा ट्रकमालकाचं नाव. मासेवाली म्हणाली, तुझी बहीण गाते की हजेरी घेते? मी हसले, काय करणार.

आईला आता फारसं दिसत नाही. डॉक्टर म्हणतात, पुढचा पाऊस ती बघेलसं वाटत नाही. शनिवारी रेडिओला चिकटून बसते. पोर एवढ्यांची नावं घेते, एकदा माझंही घेईल, म्हणते. घे ना गं. फुकट जमत नसेल तर तुझा भाव कळव.

माया सफूच्या फळांच्या टोपलीत घालून पाठवली आहे.
तुझी ताई,
लुझोलो

किन्शासा, २१ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि. सफू मिळाले, वादकांनी एका बैठकीत फस्त केले. भाव विचारलास ते लागलं. पण ताई, हे दुकानच आहे. गाण्यात ज्यांची नावं घेते त्यांचे पैसे येतात, तेव्हा या वादकांची घरभाडी भागतात. फुकट नाव घ्यायचं नाही, आलेले पैसे सगळ्यांत वाटायचे, हा नियम माझाच. ढोलवाल्याने त्याच्या वारलेल्या मामाचं नाव मागितलं, तेव्हा त्यालाही नाही म्हटलं. मग माझ्या आईचं कुठल्या तोंडानं घेऊ? सकाळी वसुली, दुपारी तालीम, संध्याकाळी रेडिओवाल्यांची मनधरणी. स्वतःसाठी शेवटचं कधी गुणगुणले, आठवत नाही.

शेवटी आईच्या नावाचे पैसे माझ्या वाट्यातून सगळ्यांच्या पैशांच्या पेटीत टाकले. ढोलवाल्यानं ते मोजून घेतले. बरोबरच आहे त्याचं. दहा जूनच्या शनिवारी गाणं लागेल. पैशांचं आईला सांगू नकोस.

रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझी,
मातोंदो

मातादी, ११ जून

चि. मातोंदो हिस,
आशीर्वाद. वि. वि. काल आईला उशीला टेकवून बसवलं. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. गाण्यात आईचं नाव, ‘मामा माफुता’, ऐकू आलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बायका गेल्यावर तिनं विचारलं, किती पडले? मी म्हटलं, काही नाही. तिला पटलं नसावं. बराच वेळ माझा हात धरून होती. मग म्हणाली, “दमलीय गं पोर. तिला लिही, नुसती ये म्हणावं. इथं गायचं नाही.”

येशील त्या दिवशी मी बसथांब्यावर उभी राहीन.
तुझी ताई