रविवारच्या ‘वाट शोधा’ची वारसदार

मी, लिहून ठेवणार, वय एकोणऐंशी, धंदा वर्तमानपत्राच्या बालपानासाठी कोडी काढणे, मुलांत ‘वाटआजी’ म्हणून परिचित, आज पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र सांगत आहे आणि वकील लिहून घेत आहेत. डोकं शाबूत आहे. उजवा हात तेवढा ऐकत नाही. माझ्यामागे रविवारचं ‘वाट शोधा’ कोण काढणार, या एका काळजीपायी हे काम लांबलं होतं. ती काळजी मिटली. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं; ते रागात केलं होतं.

१. राहतं घर स्वकष्टार्जित आहे. ते मुलगा व सून यांना समसमान. बँकेतली शिल्लक मुलीला. भांडायचंच असेल तर आधी जेवून घ्यावं, उपाशीपोटी माणूस नको ते बोलतो.

२. धाकटे दीर जन्मभर विचारत आले, “वहिनी, हा पोरखेळ अजून किती दिवस?” त्यांना ‘ठिपके जोडा’चं एक कोरं पान द्यावं. जोडून दाखवा म्हणावं.

३. निवृत्त संपादकांना सशाला बिळात पोचवायच्या कोड्याचं मूळ चित्र, चौकटीसह. त्या काळी चित्राचा जस्ताचा ब्लॉक करून छापत. ब्लॉक करणाऱ्याला बिळाच्या तोंडाशी ठेवलेली फट म्हणजे तुटलेली रेघ वाटली. त्याने बिचाऱ्याने नीट जोडून दिली. झालं! ससा बाहेर, बीळ बंद, आणि आठवडाभर पोरांच्या पत्रांचा पाऊस. संपादकांनी मला न विचारता पान काढून घेतलं. “बाई, तुमचं लक्ष नसतं,” म्हणाले. शेवटी ब्लॉकवाला स्वतः त्यांच्यासमोर उभा राहिला आणि चूक कबूल केली, तेव्हा पान परत आलं. साहेबांनी माफी मात्र आजतागायत मागितलेली नाही. मूळ चित्रात फट आहे. भिंतीवर लावा, रोज बघा.

त्या ब्लॉकवाल्याशी मी लग्न केलं. चूक त्यांची, संसार माझा. तेव्हापासून घरात नियम झाला: दुसऱ्याचं बोट आत शिरून बाहेर आल्याशिवाय कोडं छापायला जाणार नाही. आधी आमचे हे बोट घालत. ते गेल्यावर सूनबाई घालू लागली. ती कपड्यांच्या कारखान्यात कापणीचे नमुने आखते. आजवर तिने माझी किती बंद दारं पकडली, देव जाणे. वकीलसाहेब म्हणतात, हे मृत्युपत्रात बसत नाही. म्हटलं, बसवा.

४. माझी पेनं, पट्ट्या, भिंग आणि खालून दिवा लागणारं काचेचं टेबल सूनबाईला. आणि ‘वाट शोधा’सुद्धा. याचं कारण नोंदवून ठेवते.

बालपानावर मी सगळं पाहिलं. आधी नुसते उखाणे, खाली उत्तर उलटं छापलेलं. मग ठिपके, मग दोन चित्रांतले फरक. चित्रकथांच्या अंकातलं कोड्याचं मधलं पान तर पोरं गोष्ट वाचायच्या आधी फाडून घ्यायची. आता मशीनची तयार कोडी मिळतात. बालपान बघणारी नवी मुलगी स्पष्टच म्हणाली, “आजी, तुम्ही आहात तोवर तुमचं. पुढे तयार मागवणार.” तिचं काय चुकलं? पण मशीनच्या कोड्यात वाट असते, खोडी नसते.

त्यातच हात गेला. तरी हट्टाने मी काही रविवार कशीबशी कोडी काढली. मग सूनबाईने पेन काढून घेतलं. “आई, तुम्ही बोट घाला, मी काढते.” मला वाटलं, कापडाची बाई, हिला काय जमणार! तिचं पहिलं कोडं सोडवता सोडवता माझा चहा गार झाला. तरी धाकधूक होतीच. घरचं कौतुक काय कामाचं? छापताना नाव माझंच ठेवलं.

परवा जिन्यात खालच्या इस्त्रीवाल्याची नात भेटली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आजी, मधे तुमची कोडी एकदम सोप्पी झाली होती हां. आता बऱ्या झालात वाटतं!”

सोप्पी ती माझी, म्हणून आधी राग आला. मग जिन्यातच बसून हसले, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. बालपानवाल्या मुलीला लगेच फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मग तयार कशाला मागवू?” येत्या रविवारपासून खाली सूनबाईचं नाव छापावं. मी गेले तर त्या रविवारी काळी चौकट नको, कोडं हवं, आणि अवघड.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

सही: वाटआजी (डाव्या हाताने)
साक्षीदार: १. शेजारचे घड्याळजी २. खालचा इस्त्रीवाला
ठिकाण: राहत्या घरी, काचेच्या टेबलाशी
दिनांक: आजचा, रविवार, पेपर आल्यानंतर