मराठी आठ

१३ एप्रिल १९६९, रविवार. मुलुंड.

आणि वर म्हणतो मीच घराला विसरलो. विसरलो म्हणे! मग दर महिन्याला मनीऑर्डर काय भूत पाठवतं का रे दादा? दोन वर्षांत एकदा चुकली. तेव्हा गोदामात पाठीवर खोकं पडलं होतं. तेही कळवलं होतं.

आजचं कार्ड: "तुका फटफटी होयी. हय होडी गळता, ता कोण बघतलो? पावसाआधी फळ्यो बदलूक होयत. साठ रुपये धाड मेल्या."

शिव्या दादाच्या, अक्षर कुसूमचं. दादाला लिहिता येत नाही. त्याची पोर चौथीत, ती लिहून देते. 'मेल्या'वरची मात्रासुद्धा नीट दिलीय. पत्त्याशेजारी मुंगीएवढ्या अक्षरात तिचं स्वतःचं: "काका फटफटी लाल घे." बापाला वाचता येत नाही, हिचं फावतं.

हसू आलं. मग परत डोकं फिरलं.

फटफटी मिरवायला नको आहे मला. चार वेळा कळवलं. कंपनीची एक फॅक्टरी इथे, एक अंधेरीला. औषधांचे नमुने, कागद, रोज इकडून तिकडे. गाडीने जायचं तर दादरला उतरून परत उलटं यायचं, अर्धा दिवस खलास. पवईवरून फटफटीने तासाच्या आत. त्याला माणूस पाहिजे. पगार दीडपट, पेट्रोल कंपनीचं. फटफटी आणि लायसन आपलं. मुदत १५ मे. नाहीतर साहेबाच्या ड्रायव्हरचा मेहुणा टपलेलाच आहे. त्याच्याकडे लायसन आहे. अक्कल नाही, लायसन आहे.

साठ रुपये पाठवणार नाही. नेहमीची म. ऑ. जाईल, बस.

१५ एप्रिल, मंगळ.

जेवणाच्या सुट्टीत पीटरकडे. पीटर मरोळचा, पण गॅरेज आमच्या फॅक्टरीच्या मागच्या गल्लीत. त्याच्याकडे दोन विकाऊ. एक हिरवी, लष्कराच्या लिलावातली, म्हशीएवढी. दुसरी काळी, हलकी, चेन पडते, सायलेन्सर तारेने बांधलेला.

सरळ हिरवीवर जाऊन बसलो. एकच पाय टेकला, तोही चवड्यावर.

"ए मालवणी, उतर. आडवी झाली तर उचलायला चार माणसं बोलवशील. पहिली फटफटी कशी पाहिजे? पडली तर एकट्याने उचलता आली पाहिजे."

खरं बोलला म्हणून जास्त राग आला. काळी ठरली. शिकायची तिच्यावरच, पुरे पैसे १३ मेला द्यायचे. तेवढे आहेत. बरोब्बर तेवढेच आहेत.

कच्चं लायसन आहे. पक्क्याची परीक्षा ३० तारखेला.

२० एप्रिल, रवि.

आरे कॉलनी. पीटर मागे बसून. चारदा पडलो. एकदा शेणात.

गियर जमला, क्लच जमला. वळणावर वाट लागते. फटफटी डावीकडे कलली की माझं अंग आपोआप उजवीकडे जातं. पीटर ओरडतो, "अरे, बोट चालवतो काय? तिच्याबरोबर जा ना!"

बोटच चालवत होतो रे. होडी कलली की अंग उलट टाकायचं, हे हाडात गेलंय. बाबा वारले तेव्हा दादाने मला चौथीतून काढलं आणि खाडीवरच्या तरीवर, माणसं पलीकडे नेणाऱ्या आमच्या होडीवर, घेतलं. पाचवीची शाळा खाडीच्या पलीकडे. गावची पोरं रोज आमच्याच होडीतून पलीकडे जायची. मी वल्हं मारायचो. पोरं दप्तरं घेऊन उतरायची, चढण चढून शाळेत जायची. मी होडीत. दादा म्हणायचा, "फिरव."

ते 'फिरव' अजून कानात आहे.

गुडघा सोलला. हळद लावलीय.

२७ एप्रिल, रवि.

पीटर वसईला बहिणीकडे. एकट्यानेच गेलो आरेला. पोलीस नव्हता.

पीटर काल म्हणाला, हाताचे इशारे विचारतील, मग आठ काढायला सांगतील. मी विचारलं, आठ म्हणजे? म्हणाला, "आठ रे, आठ! सात-आठ-नऊ. शाळेत नाय गेला काय?"

गेलोय की. चौथीपर्यंत पाढ्यात पहिला होतो.

तबेल्यामागच्या मैदानात काठीने मोठा आठ काढला. वरून सुरुवात, डावीकडे पोट, मग खालून उजवीकडे शेपूट. त्यावरून फटफटी घातली. पंचवीस वेळा तरी. पोटाच्या वळणावर आता अंग तिच्याबरोबर जातं, झकास जातं. शेपटीच्या टोकाला दगड ठेवला, तिथे ब्रेक, पाय खाली. एकदाही दगड चुकला नाही.

हे एवढं सोपं? मेहुण्याला कसं जमलं ते आता कळलं.

३० एप्रिल, बुध.

नापास.

लिहावंसं वाटत नाही. लिहितो. नाहीतर कोणाच्या तरी कानाखाली मारीन.

सातलाच जाऊन लायनीत पहिला उभा राहिलो. हाच गाढवपणा. दुसरा-तिसरा असतो तर पुढच्याचं बघितलं असतं. पीटर फाटकाबाहेर विडी ओढत. इन्स्पेक्टरने इशारे विचारले, सगळे बरोबर. मैदानात दोन डबे ठेवलेले. मला वाटलं एक सुरुवातीचा, एक शेवटचा.

"आठ काढ."

काढला. असा काढला की छापून घ्यावा. वरून आलो, पोट घेतलं, शेपूट घेतली, दुसऱ्या डब्यापाशी पाय टेकला.

"हं, पुढे?"

"झाला साहेब."

"काय झाला?"

"आठ."

तो डब्यांकडे बघतो, माझ्याकडे बघतो. मग शिपायाला म्हणतो, "अरे, याने मराठी आठ काढला!" शिपाई हसला. मागची पंधरा माणसं हसली. एक जण म्हणतो, "साहेब, आता नऊ काढायला सांगा." फाटकाबाहेर पीटर खाली बसून हसत होता.

मी म्हटलं, "साहेब, आठ म्हणालात, आठ काढला. इंग्रजी पाहिजे तर इंग्रजी म्हणायचं."

"जास्त बोलू नको."

"बसच्या कपाळावर आठ मराठीच असतो ना साहेब? ती बस काय नापास आहे?"

तिथे गप्प बसलो असतो तर कदाचित दुसऱ्यांदा काढायला दिला असता. नाही बसलो. कागदावर इंग्रजीत काहीतरी खरडलं. १३ मेला परत ये.

तो इंग्रजी शब्द मला वाचता आला नाही. शिपायाला विचारावं लागलं. तो म्हणाला, "नापास, दुसरं काय!"

१ मे, गुरु.

सुट्टी. खोलीत पडून.

इंग्रजी आठ पाचवीत शिकवतात. चौथीपर्यंत सगळं मराठी. इंग्रजी आठ घड्याळात, नोटेवर शंभरदा बघितलाय, ओळखतो. पण 'आठ' म्हटलं की हात मराठीच काढतो. मास्तरांनी पाटीवर हात धरून तोच गिरवून घेतला. पुढचा गिरवायला खाडी ओलांडायला लागत होती.

एक फेरी, दादा. रोज एक फेरी. दुसऱ्यांच्या पोरांच्या गर्दीत मी मावत नव्हतो का?

आणि वर होडीला फळ्यो होयत. बुडू दे ती.

४ मे, रवि.

पीटरने आरेला नेलं. रस्त्यात तीनदा हसला, चौथ्यांदा म्हटलं चालत जाईन. तिथे त्याने दुधाच्या कॅनची दोन झाकणं टाकली आणि स्वतः फिरवून दाखवला. एका झाकणाला उजवीकडून वेढा, मधे कात्री, दुसऱ्याला डावीकडून, परत मधे. पाय टेकायचा नाही, थांबायचं नाही.

"बघ. पूज्यावर पूज्य. कळला?"

कळला. पूज्यावर पूज्य म्हणजे मीच.

मराठी आठाला शेवट असतो. ह्या इंग्रजीला शेवटच नाही, साहेब थांब म्हणेपर्यंत फिरत राहायचं. बारा वेळा काढला. सातदा पाय टेकला. मधल्या कात्रीत अंग बदलताना जुनी खोड येते, उलट जातं.

पीटर शेवटी म्हणाला, "जमेल रे. मराठी वळण तुझं एक नंबर आहे. अर्धा आठ तरी पास."

हसलो. पहिल्यांदा.

१० मे, शनि.

कार्ड. "पैसे धाडूक नाय. होडी वयर काढून ठेवलंय. तर बंद. आता काय फटफटीवरना लोकांका खाडी पार करतलंस?"

पाच वेळा वाचलं. बोलतो कसा! तरीची होडी बंद म्हणजे घरात काही येत नाही, तेही खरं. ते लिहिणार नाही. टोमणा मारणार.

मग कडेचं मुंगीअक्षर. ह्या वेळी तिन्ही बाजूंनी फिरवलंय, कार्ड गरगर फिरवून वाचायला लागलं:

"काका मी पास झाले. गणितात १०० पैकी ९८. बाबा म्हणतात पुरे झालं, चेडवाक शिकवन काय करूचा आसा, पाचवी पलीकडे आहे आणि होडी पण नाही. तू बाबांना ओरड. मी लिहिलं ते सांगू नको. लाल घेतलीस का."

तिचा ९८ मधला आठ. पोट, शेपूट. माझ्यासारखाच.

माझं टाळकं फिरलं. जेवलो नाही. दादा, तू माणूस आहेस का खुंटा? एकाला काढलास, आता पोरगी म्हणून हिला. तेव्हा बाबा नव्हते, घरात दाणा नव्हता, समजलो. नाही समजलो, पण गप्प बसलो. आता काय कारण? मी पाठवतो ना?

आणि तिने ते कार्ड लिहून दिलं. स्वतःची शाळा बंद झाल्याचं, बापाने सांगितलं तसं, मात्रा-वेलांटी नीट देऊन.

१२ मे, सोम.

उद्या परीक्षा. काल वीसपैकी सोळा जमले. पाय चारदा टेकला. उद्या एकदा टेकला की संपलं.

सकाळी पीटरला सांगितलं, उद्या पैसे थोडे कमी पडतील, महिनाभर थांब. म्हणाला, "मी थांबेन रे, पण गिऱ्हाईक थांबेल काय? मेहुणा काल काळी बघून गेला. किक मारून बघितली." मी म्हटलं, त्याला हिरवी दे, चार माणसं पण दे. हसला. पण थांबतो असं म्हणाला नाही.

म्हणजे उद्या लायसन मिळालं तरी फटफटी नसेल कदाचित. फटफटी असली तरी लायसन नसेल. आणि उद्यानंतर दोन दिवसांत मुदत संपते.

तरी आजच पोस्टात गेलो. उद्या गेलो असतो तर हात आखडला असता, मला मी माहीत आहे. म. ऑ.च्या फॉर्मखाली मजकुराला जागा दोन बोटं. तिथे शिव्या मावत नाहीत. लिहिलं: "दादा, साठ होडीचे. फळ्या बदल. वरचे पाठ्यपुस्तकांचे. पहिल्या दिवशी पहिल्या फेरीत कुसूम बसली पाहिजे. तू वल्हं मार. ती उतरल्यावर होडी फिरव." खाली: "कुसूम, हे त्याला मोठ्याने वाचून दाखव. एक अक्षर गाळू नको. फटफटी काळी आहे."

कारकून म्हणाला, आकडा नीट काढा, वाचता आला पाहिजे. वरून सुरुवात, डावीकडे पोट, उजवीकडे शेपूट. नीटच काढला.

रु. ६८.